बारा नाणी आणि 'एक मित्र'

डॉक्टरांनी मला फसवलं. केंब्रिजजवळच्या एका शेतात मी बारा जुनी चांदीची नाणी शोधून काढली, आणि म्युझियमच्या कागदावर शोधणारा म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं. यात गैरसमज वगैरे काही नाही. इथल्या आमच्या मराठी मंडळातले लोक मला समजावतात की दोघांचंही थोडं थोडं बरोबर असेल. नाही. त्यांचं काहीही बरोबर नाही.

माझं मेडनहेडला बॅगांचं दुकान होतं. सूटकेस, हँडबॅगा, शाळेची दप्तरं, छत्र्या. त्याआधी आठ वर्षं मार्केटमध्ये उघड्यावर स्टॉल, आणि त्याआधी प्लास्टिकच्या फॅक्टरीत बादल्यांना कड्या लावायचं काम. शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. डॉक्टर पिनरला राहायचे. हाडांचे डॉक्टर, मोठ्या हॉस्पिटलात कन्सल्टंट. ओळख मंडळातली. तिथे त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणायचे आणि मला बॅगवाले. डॉक्टर स्वतः मला शेठ म्हणायचे. शेठ म्हणताना ते जरासे हसायचे, आणि ते हसणं मी बरीच वर्षं चालवून घेतलं. दुकानात असं हसणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दोन पौंड जास्त सांगत असे.

मेटल डिटेक्टर मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका कार-बूट सेलमध्ये घेतला, जिथे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात. विकणारा एक निवृत्त पोस्टमन होता. मी विचारलं, चालतं का. त्याने गवतात एक नाणं टाकलं, वरून मशीन फिरवलं, मशीन किंचाळलं. मी म्हटलं, "हे नाणं मला डोळ्यांनी दिसतंय. त्यासाठी मशीन कशाला?" तो गोरामोरा झाला. मी दोनदा निघून गेलो, दोनदा परत आलो, आणि तिसऱ्यांदा निघालो तेव्हा त्याने माझ्या किमतीला मशीन, वर हेडफोन, खुरपं आणि त्याचा स्वतःचा चहाचा थर्मास दिला. थर्मास मी मागितला नव्हता. मी नुसता त्याच्याकडे बघत होतो.

जाताना मात्र त्याने एक गोष्ट फुकट शिकवली. "सगळे बागेत फिरायला निघाल्यासारखे चालतात," तो म्हणाला. "तू म्हातारी गाय चालते तसा चाल. आणि मशीनची खालची चकती जमिनीला घासत ठेव. वर उचललीस की संपलं." मी त्याचं ऐकलं. या सबंध प्रकरणात कामाचा सल्ला मला त्या एकट्याने दिला.

डॉक्टर पहिल्यांदा खूप हसले. "शेठ, आता भंगार गोळा करायला लागलात का?" पण त्यांची मुलगी तेव्हा केंब्रिजला शिकायला होती. हे ते कोणालाही, कोणत्याही विषयात सांगू शकत. बटाटेवड्याबद्दल बोलणं चाललेलं असताना मी त्यांना केंब्रिजला पोचलेलं पाहिलं आहे. मुलीला दर दोन-तीन आठवड्यांनी घरचं जेवण पोचवायचं असायचं, डॉक्टरांना मोटरवेवर गाडी चालवायला भीती वाटायची, आणि माझ्याकडे व्हॅन होती. तर रविवारी सकाळी मी मेडनहेडहून पिनरला, तिथून डॉक्टर आणि डबे घेऊन केंब्रिजला. येताना वाटेत एखाद्या शेतात मी माझं मशीन फिरवणार, असं ठरलं. खरं सांगायचं तर कन्सल्टंट माझ्या व्हॅनमध्ये बसतो याचं मला अप्रूप होतं. ते अप्रूप मला महागात पडलं.

ते शेत डॉक्टरांनी निवडलं, हे मी मान्य करतो. कसं निवडलं तेही सांगतो. मुलीच्या खोलीवर दोन मग चहा झाला होता, रस्त्यावर कुठे थांबायला सर्व्हिसेस नव्हत्या, आणि डॉक्टर म्हणाले, "शेठ, जरा बाजूला घ्या. अर्जंट आहे." मी घेतली. ते कुंपणाच्या झुडपामागे गेले. मी इकडे तिकडे बघितलं तर समोर नुकतंच नांगरलेलं शेत, हलका उतार, खाली ओढा, आणि ओढ्याकडे जाणारी एक बुजलेली वाट. मी मार्केटात वाढलेला माणूस. वाट दिसली की वाटेवरून कोण जात असेल, काय विकायला नेत असेल, हे माझ्या डोक्यात येतं. मी शेतकऱ्याच्या दारावर गेलो.

शेतकरी आधी नाही म्हणाला. त्याच्या बायकोने मागून विचारलं, कोण आहे. मी तिला माझं दुकान कुठे आहे ते सांगितलं. त्या नवराबायकोला पोर्तुगालला जायचं होतं आणि सूटकेसचं एक चाक तुटलं होतं, हे पुढच्या पाच मिनिटांत कळलं. पुढच्या खेपेला मी दोन नव्या सूटकेस नेल्या, एक मोठी, एक मध्यम, चाकं पक्की. त्यांच्या बदल्यात पेरणी होईपर्यंत ते शेत माझं. अट एकच, खड्डा केला की बुजवायचा. डॉक्टर तेव्हा व्हॅनमध्ये बसून पेपर वाचत होते. "झालं का तुमचं घासाघीस करून?" ते म्हणाले.

पहिल्या रविवारी मला कोकच्या डब्यांच्या कड्या मिळाल्या, बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, नांगराचा तुकडा, चॉकलेटची चांदी. डॉक्टर खिडकीची काच खाली करून अधूनमधून विचारायचे, "राजमुकुट निघाला का?" मग ओढ्याच्या वरच्या अंगाला हेडफोनमध्ये एक बारीक, स्वच्छ आवाज आला. कडीचा आवाज भांडखोर असतो. हा तसा नव्हता. मी गुडघ्यावर बसलो, ढेकूळ फोडलं, आणि त्यात एक काळपट चकती चिकटलेली होती. नखापेक्षा जराशी मोठी, पापडापेक्षा पातळ. थुंकी लावून पुसली तर एक चेहरा दिसला. समोर बघणारा, दोन्ही कानांशी केसांचे गोल, डोक्यावर मुकुट. मागे मोठी फुली. चेहरा असा, की जणू राजा उधारी मागायला आलाय.

मी हाक मारली. डॉक्टर चप्पल सांभाळत कुंपणापर्यंत आले. बूट आणले नव्हते म्हणून शेतात आले नाहीत. मी नाणं घेऊन कुंपणापर्यंत गेलो. तेवढं अंतरही मीच चाललो.

दुसऱ्या रविवारी त्याच जागेवर, एका खोलीएवढ्या टापूत, अकरा मिळाली. त्यातली तीन अर्धी होती, सरळ रेषेत कापलेली. डॉक्टर म्हणाले, तुटली आहेत. मी म्हटलं, तुटली नाहीत, कापली आहेत. सुट्टे नसतील तेव्हा नाणंच कापून देत असणार, त्याशिवाय बाजार चालेल कसा. पुढे हे अगदी बरोबर निघालं. एका माणसाने सातशे वर्षांपूर्वी दुसऱ्याला सुट्टे दिले होते आणि ते माझ्या तळहातावर होते. मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "चला, ट्रॅफिक लागेल."

पुढच्या आठवड्यात दिवाळी होती, आणि इथे आमच्या घरी जी चूक झाली ती मी लपवत नाही. दुकानदाराच्या घरी लक्ष्मीपूजनाला चांदी मांडतात. माझ्या आईने मांडली, माझी बायको मांडते. बाराही नाणी मी स्वयंपाकघरात एका वाटीत ठेवली होती. ती म्हणाली, "अहो, एवढी काळी चांदी लक्ष्मीपुढे ठेवायची?" मी म्हटलं, मग स्वच्छ कर. तिने लिंबाची फोड घेतली, रांगोळीची पूड घेतली आणि समया, निरांजन, अत्तरदाणी घासतात तशी ती नाणी एक-एक करून घासली. संध्याकाळी तबकात ती लखलखत होती. राजांचे केस निम्मे गेले होते. आणि नववं का दहावं नाणं घासताना तिच्या बोटांत कट्कन मोडलं. दोन तुकडे हातात घेऊन ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, जाऊ दे, तेही अर्धंच समजू.

पाडव्याला डॉक्टर फराळाला आले. त्यांनी तबक पाहिलं. हातातली चकली खाली ठेवली.

"हे कोणी घासलं?"

"मी," बायको म्हणाली.

"वहिनी, हे काय केलंत तुम्ही?" मग माझ्याकडे वळून, "शेठ, ही गोष्ट रिपोर्ट केलीत का?"

"कोणाला?"

"कोरोनरला."

मी म्हटलं, "कोरोनर म्हणजे माणूस मेल्यावर चौकशी करतो तो ना? इथे कोण मेलंय?"

"तोच. जमिनीत सोनं-चांदी सापडली तरी चौकशी तोच करतो. इथला जुना कायदा आहे. लगेच कळवावं लागतं. तुम्ही कळवलं तर नाहीच, वर ती घासलीत आणि एक मोडलंत. क्रिमिनल डॅमेज म्हणतात याला. दुकानाचं लायसन्स, पासपोर्ट, सगळं बघतील."

बॅगांच्या दुकानाला कसलं लायसन्स लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी आठवलं नाही. आठ वर्षं उघड्यावर स्टॉल लावलेला माणूस गणवेशातल्या कोणाचंही नाव काढलं की आधी माल आवरायला लागतो. डॉक्टरांना हे माहीत होतं. माझ्या बायकोचा चेहरा पांढरा झाला होता, आणि तोही त्यांनी पाहिला.

मग ते एकदम मऊ आवाजात बोलले. पेशंटला ऑपरेशन सांगताना तोच आवाज काढत असावेत. "असं करू. मी घेऊन जातो. कोरोनरच्या ऑफिसात माझं रोजचं जाणं-येणं आहे. फॉर्मवर तात्पुरतं माझं नाव घालू, म्हणजे तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. सगळं निवळलं की तुमचं घालून घेऊ."

"आणि घासल्याचं?"

"ते कोणाला सांगायचं कारण नाही. वहिनी, हे आपल्या तिघांतच राहील."

तिने मान हलवली. मी हो म्हटलं. जन्मभर सौदे केलेला मी, समोरचा माल उघडूनही बघितला नाही. त्यांनी मला भीती विकली आणि मी सांगितल्या किमतीला घेतली. नाणी त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत कापूस घालून नेली. तबकात लक्ष्मीपुढे फुलं तेवढी राहिली.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. कोरोनरचा निकाल असा, की नाणी कोणी पुरून ठेवली नव्हती, हरवली होती. म्हणजे ती सरकारची नाहीत, जमीनमालकाची. शेतकऱ्याने ती जवळच्या एका लहान म्युझियमला देऊन टाकली. "विषय संपला, शेठ." मला वाईट वाटलं नाही. शेतकऱ्याची वस्तू शेतकऱ्याने दिली. मला इनाम नको होतं. त्या बारा नाण्यांतून आता कोणाला काहीच मिळणार नव्हतं, एक सोडून. कोणी शोधली, हे.

उन्हाळ्यात बायकोला घेऊन मी ते म्युझियम बघायला गेलो. दोन खोल्या, एक जुना नांगर, लोणी घुसळायचं पिंप, आणि काचेखाली माझी नाणी. मी लगेच ओळखली. तो उधारी मागणारा राजा कुठेही ओळखला असता. शेजारी टाइप केलेलं कार्ड होतं. सापडली अमुक शेतात, शोधणारे डॉक्टर अमुक, आणि एक मित्र.

मी ते तीनदा वाचलं. बायकोने एकदाच वाचलं आणि म्हणाली, "तात्पुरतं म्हणाले होते ना?"

टेबलाशी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, चांदी घासली तर माणसाला काय शिक्षा होते. त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारला. मग त्या हसल्या. "शिक्षा? अहो, दर महिन्याला कोणी ना कोणी टूथपेस्टने घासून आणतं. आम्हाला वाईट वाटतं, आम्ही चहा देतो आणि पुढच्या वेळी घासू नका म्हणून सांगतो." उशिरा आणलं तर? "इथे एक गृहस्थ वीस वर्षांनी घेऊन आले होते. बिस्किटाच्या डब्यातून." कार्डावरच्या नावाबद्दल मी विचारलं, तर म्हणाल्या, डॉक्टरांनी लिहून दिलं तसंच टाइप केलं. बदलायचं असेल तर डॉक्टरांनी दोन ओळींचं पत्र पाठवावं, लगेच बदलू.

दोन ओळी. मी घरी येऊन फोन लावला.

"डॉक्टर, ते कार्ड."

"कुठलं कार्ड, शेठ?"

"म्युझियममधलं. मी त्यावर 'एक मित्र' आहे."

"मग? नाही का तुम्ही मित्र?"

मी फोन आपटला. पाच मिनिटांनी योग्य उत्तर सुचलं म्हणून परत लावला, तर एंगेज. तासभर एंगेज होता. मुलीशी बोलत असावेत. पुढच्या आठवड्यांत मी सहा वेळा फोन केला असेल. दोन ओळींचं पत्र टाका, एवढंच म्हणत होतो. आधी म्हणाले, बघू. मग म्हणाले, आता बदललं तर मी खोटं लिहिलं असं दिसेल. मी म्हटलं, तुम्ही खोटंच लिहिलंत. मग फोन त्यांच्या बायको घ्यायला लागल्या. डॉक्टर नेहमी ऑपरेशन थिएटरमध्ये असायचे.

आणि मग गणपतीत मंडळाने डॉक्टरांचं भाषण ठेवलं. 'मातीखालचं इंग्लंड'. स्लाइड्ससह. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, लहान मुलांच्या खुर्च्या, त्यावर आम्ही पन्नाशीचे लोक गुडघे छातीशी घेऊन बसलेलो. बायको म्हणाली, जायला नको. मी म्हटलं, गेलंच पाहिजे.

पहिल्या स्लाइडवर शेत. दुसऱ्या स्लाइडवर डॉक्टर, मागे शेत, हातात माझं मशीन. हा फोटो माझ्याच कॅमेऱ्यात, मीच काढलेला. पायात चपला होत्या आणि उभे कुंपणाबाहेर होते, ते फोटोत आलं नव्हतं. डॉक्टर सांगत होते, "जुन्या बाजाररस्त्यांच्या नकाशांचा बराच अभ्यास करून मी ही जागा निश्चित केली." पुढच्या रांगेतल्या माना हलल्या.

मी उभा राहिलो. "कुठला नकाशा, डॉक्टर? तुम्हाला लघवीला लागली होती म्हणून आपण थांबलो."

मागून कोणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ. बसा, बसा."

"हा प्रश्न नाही. मी सांगतोय. मशीन माझं, शेत मी मिळवलं, नाणी मी काढली. हे कुंपणाच्या आत आले नाहीत."

डॉक्टरांना तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की हो, शोधली यांनी. तिथल्या तिथे मिटलं असतं. मी टाळीही वाजवली असती.

ते हसले. शेठ म्हणताना हसायचे तसे. "आमचे मित्र जरा तापट आहेत. पण त्यांचाही हातभार आहे बरं का यात. सातशे वर्षं जमिनीत सुखरूप राहिलेली ही नाणी दिवाळीत त्यांच्या घरी गेली, आणि वहिनींनी ती रांगोळीने घासून दिली. समयांबरोबर. एक तर मोडूनच टाकलं." मग पुढची स्लाइड. मोडलेलं नाणं, पडद्यावर चार फुटांचं.

सगळा हॉल हसला. त्यातल्या एकूणएक बाईने त्या दिवाळीत चांदी रांगोळीनेच घासली होती, आणि त्या सगळ्यांत जास्त हसल्या. माझी बायको पडद्याकडे बघत होती. तिने पदर सावरला, पर्स उचलली आणि दोन्ही हात पर्सवर ठेवून भाषण संपेपर्यंत तशीच बसली. उठून गेली असती तर अजून हसले असते, हे तिला कळत होतं. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोघांनी मला धरून बाहेर नेलं आणि आजही मंडळात ती संध्याकाळ माझ्या तोंडासाठीच लक्षात आहे, डॉक्टरांच्या नाही.

त्यानंतर ती मंडळात आली नाही. हळदीकुंकवाला नाही, दिवाळीच्या फराळाला नाही, आता हे अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तरी नाही. मला म्हणाली, "नावाचं तुमचं तुम्ही बघा. मला त्यांनी कबूल केलं होतं." मी पुष्कळ दिवस फक्त नावासाठी भांडत होतो. कार्ड अजून तसंच आहे, मी जाऊन बघतो मधूनमधून. पण तिचं ऐकल्यावर माझ्या ध्यानात आलं, की हा साधा सौदा होता. मी नाव द्यायचं, त्यांनी गप्प राहायचं. भाव त्यांनी ठरवला होता. मी माझी किंमत पूर्ण चुकती केली. त्यांनी नावही ठेवून घेतलं आणि शब्दही मोडला. मार्केटात असं करणाऱ्याचा स्टॉल दुसऱ्या दिवशी लागत नाही. मंडळात त्याला सल्लागार नेमतात.

समेटाचे निरोप येतात. झालं गेलं विसरा, वय झालं, डॉक्टर आता रिटायर झाले. होऊ देत. रिटायर झालेल्या माणसाला दोन ओळी लिहायला वेळ असतो. म्युझियमचं पत्र मला आजच्या आज नको, तेही मी घेईनच. त्याआधी दुसरं आहे. यंदाच्या गणपतीला हॉल पुन्हा बुक झाला आहे. मी बायकोला घेऊन येणार आहे, ती तयार झाली आहे, आणि यावेळी मी तोंड उघडणार नाही. डॉक्टर, तुम्ही माइक घ्या आणि तिच्याकडे बघून सगळ्यांदेखत सांगा. पाडव्याच्या दिवशी आमच्या घरात, फराळाच्या ताटासमोर, हे आपल्या तिघांतच राहील असं तुम्ही तिला म्हणाला होतात की नव्हतात?